कोंडवाड्याची दवंडी आणि निवाऱ्याचे संकेतस्थळ

इतिहास म्हणजे जुन्या दप्तरांवरची धूळ झटकण्याचा निरुपयोगी उद्योग होय, अशी ज्यांची प्रामाणिक समजूत आहे, त्यांपैकी आमचा एक भाचा आहे. संगणकावर संकेतस्थळे रचून देणे हा त्याचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यात तो एके दिवशी आमच्याकडे आला व म्हणाला, "मामा, भोर-वेल्ह्याकडे मुक्या जनावरांचा एक छोटासा निवारा आहे. त्यांचे संकेतस्थळ मी नव्याने रचून देतो आहे, विनामूल्य. तुम्ही पहिल्या पानासाठी चार ओळी लिहून द्या. मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे."

डोळ्यांत पाणी आणणे हे आमचे काम नव्हे. तथापि भाच्याचा आग्रह मोडवेना, म्हणून जुने संकेतस्थळ आधी दाखव, असे आम्ही सांगितले. त्याने ते भ्रमणध्वनीवर उघडले. प्रथम एका जखमी कुत्र्याचे भले मोठे छायाचित्र, त्याखाली भूतदयेची सुभाषिते, त्याखाली देणगी देण्याची कळ, मग समारंभास आलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे, मग संस्थेचे ध्येय, आणि पुन्हा देणगीची कळ. आम्ही विचारले, "वेल्ह्याच्या एखाद्या शेतकऱ्याची गाय हरवली, तर ती ह्या निवाऱ्यात आहे की नाही, हे त्याला ह्यावरून कळेल काय?" भाचा म्हणाला, "त्याने फोन करावा." "आणि फोनचा आकडा?" भाच्याने बोटाने पान वर सरकवावयास प्रारंभ केला. बराच वेळ सरकविल्यावर तो आकडा अगदी तळाशी, आणि तोही एका चित्रात कोरलेला असा सापडला. चित्रातला आकडा दाबला असता फोन लागत नाही, हे त्याने स्वतःच ओशाळून सांगितले.

त्या दिवसापासून आमच्या मनात जो विचार घोळत राहिला, तोच ह्या लेखाचा विषय आहे. संकटात सापडलेल्या जनावराविषयी समाजास काही सांगावयाचे असेल, तर ते कोणास, कोणत्या शब्दांत व कोणत्या क्रमाने सांगावे, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची निदान तीन उत्तरे दिली होती. एक पांजरपोळाच्या वहीत आहे, दुसरे कोंडवाड्याच्या दवंडीत आहे व तिसरे राजाच्या एका पत्रात आहे. आजच्या निवाऱ्यांनी ह्यांपैकी पहिलेच तेवढे वारशाने घेतले आणि उरलेली दोन सोडून दिली, असे आमचे मत झाले आहे. वाचकांस ते पटते की नाही, हे त्यांनीच ठरवावे.

परंतु प्रथम ज्या मुलखासाठी हे संकेतस्थळ व्हावयाचे, त्याची ओळख करून देणे इष्ट होईल. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे दोन डोंगराळ तालुके. दोहोंचा पूर्वेतिहास बहुतांशी एकच आहे. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे जे पाच तालुके होते, त्यांपैकी विचित्रगड, राजगड व प्रचंडगड ही तीन नावे ह्याच मुलखातील किल्ल्यांवरून पडलेली होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व ही नावे कागदोपत्री मागे पडली. २०२४ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एका अर्थाने जुनेच नाव परत आले. लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हे हेच नाव असल्यामुळे आम्हीही येथे तेच योजिले आहे.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी ह्या नद्यांच्या खोऱ्यांनी हा मुलूख विभागलेला आहे. पाऊस अतिशय, रस्ते वळणाचे, वस्त्या विखुरलेल्या. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत अशी धरणे येथे झाली. त्यांच्या पाण्याने पुण्याची आणि खालच्या मुलखाची तहान भागली, परंतु नदीकाठची सपाट जमीन व तीवरचे चराऊ रान पाण्याखाली गेले. पूर्वेकडून पुणे-साताऱ्याचा भरधाव महामार्ग जातो, पश्चिमेकडे वरंधा घाटाचा रस्ता महाडास उतरतो. सुटीच्या दिवशी राजगड, तोरणा व मढे घाट पाहावयास शहरातील मंडळी लोटतात. अशा ठिकाणी जनावरावर कोणते प्रसंग येतात? मोटारीचा धक्का लागून वासरू रस्त्याकडेस पडते. चरावयास सोडलेली म्हैस धुक्यात वाट चुकून दुसऱ्या खोऱ्यात उतरते. शहरात नकोसा झालेला कुत्रा गाडीतून आणून घाटात सोडला जातो. बैल म्हातारा होतो. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईप्रमाणेच बैलाच्याही कत्तलीस बंदी झाली आहे. तेव्हा औताला न चालणाऱ्या बैलास कोणी व किती दिवस पोसावे, हा लहान शेतकऱ्याच्या घरचा रोजचा प्रश्न आहे. ह्या सर्व प्रसंगांत पहिली गरज दयेची नसते, बातमीची असते. जनावर कोठे आहे, हे ज्यास कळावयास हवे त्यास कळत नाही, आणि तेथेच निम्मे अनर्थ होतात.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. जनावरांस आश्रय देण्याची कल्पना ह्या देशात फार जुनी आहे. गिरनारच्या शिलालेखात अशोकाने माणसांची व जनावरांची अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची तजवीज केल्याचे नमूद केले आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली खंबायतेस आला असता त्याने तेथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले व मोठ्या कौतुकाने त्याचे वर्णन लिहून ठेवले. गुजराथेतील जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी गावोगाव चालविलेली ही संस्था म्हणजेच पांजरपोळ. मुंबईस ती आली ती मात्र एका दंग्याच्या पाठोपाठ आली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने काढला होता व दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेविले होते. इनामाच्या लोभाने लोकांच्या दारातली व घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. तेव्हा ६ जून १८३२ रोजी, पारश्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात दंगा उसळला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, आणि पारश्यांबरोबर हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व त्यांचे जैन व्यापारी सहकारी ह्यांनी भुलेश्वरी मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला.

पांजरपोळ चालत असे तो व्यापाऱ्यांनी आपखुशीने आपल्याच मालावर बसवून घेतलेल्या लाग्यावर. मालाची उलाढाल झाली, की तीमागे काही ठराविक रक्कम जनावरांच्या खाती जमा व्हावयाची. अशा संस्थेचा प्राण वही हा असतो. कोणाचे किती आले, चाऱ्यास किती गेले, शिल्लक काय राहिली, हे ज्याने दिले त्याला दिसले पाहिजे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला डोळ्यांत पाणी आणणारे शब्द फारसे लागत नाहीत. त्याला जमाखर्च लागतो. आमच्या मते पांजरपोळ शतकानुशतके टिकले, ह्याचे श्रेय धर्मबुद्धीइतकेच ह्या वहीलाही आहे. पुढे १८७४ साली मुंबईस प्राणिक्रूरता-निवारक मंडळी स्थापन झाली आणि १८८३ साली परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले. नव्या काळचे वैद्यक व नव्या काळचा कायदा येऊन मिळाला, तरी दात्यास हिशेब देण्याची पद्धत तीच राहिली.

परंतु ह्या पद्धतीस एक मर्यादा आहे. वहीचे तोंड दात्याकडे असते. जनावर कोणाचे, ते कोठून आले, त्याचा धनी त्यास शोधीत असेल काय, ही चौकशी तीत गौण ठरते. पांजरपोळात जे आले ते आले. दार उघडे आहे ते आत येण्यासाठी, आणि आत आलेल्या जिवाने आयुष्याची अखेर तेथेच करावयाची, अशीच मूळ कल्पना. आजच्या निवाऱ्यांची संकेतस्थळे पाहिली असता हेच तोंड वळलेले दिसते. फरक इतकाच, की पूर्वीचा दाता हिशेब वाचीत असे आणि आजच्या दात्यास छायाचित्र दाखविले जाते; हिशेब पुष्कळदा सापडतच नाही.

दुसरे उत्तर ज्या ठिकाणी मिळते, ते ठिकाण भूतदयेसाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. आम्ही कोंडवाड्याविषयी बोलत आहो. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांस गावाच्या कडेची ती दगडी भिंतीची ओकीबोकी चौकट आठवत असेल. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू धरून तेथे घालावयाचे, आणि धन्याने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवून न्यावयाचे, असा रिवाज. इंग्रजी मुलखात १८७१ च्या पहिल्या कायद्याने, म्हणजे गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने, ह्या रिवाजास नियमांचे स्वरूप आले.

तो कायदा आम्ही ह्या निमित्ताने पुन्हा वाचला व चकित झालो. कोंडवाडेवाल्याने वही ठेवावी, असे त्यात आहेच. परंतु त्या वहीत काय लिहावे? जनावरांची संख्या व वर्णन, ती आणल्याचा दिवस व तास, धरून आणणाऱ्याचे नाव, आणि धनी माहीत असल्यास त्याचे नाव. जनावरांस चारापाणी देणे हे त्याचे कर्तव्य. सात दिवसांत कोणी आले नाही, तर त्याने पोलिसांस कळवावयाचे. मग अधिकाऱ्याने आपल्या कचेरीत ठळक जागी एक सूचना लावावयाची, तीत तीनच गोष्टी: किती व कशा वर्णनाची जनावरे आहेत, ती कोठे धरली, आणि ती कोठे कोंडली आहेत. हीच सूचना जेथे जनावर धरले त्या गावात व तेथून सर्वांत जवळच्या बाजारात दवंडी पिटून जाहीर करावयाची. आणखी सात दिवस वाट पाहूनही धनी आला नाही, तरच लिलाव.

वाचकहो, ह्या दवंडीकडे जरा लक्षपूर्वक पाहा. तीत करुणेचा एक शब्द नाही, संस्थेची स्तुती नाही, अधिकाऱ्याचे नाव नाही. आहे ते फक्त जनावर. बाजारात उभ्या असलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्यास ती ऐकताच दोन गोष्टी कळत: हे माझे आहे काय, आणि असल्यास मी कोठे जावे. शिवाय ती दवंडी सरकारास सोयीच्या जागी न देता जेथे जनावर धरले तेथे, आणि लोक आपण होऊन जेथे जमतात त्या बाजारात दिली जात असे. लोकांनी बातमीकडे यावे, अशी अपेक्षा न ठेवता बातमीने लोकांकडे जावे, ही व्यवस्था होती.

म्हणून कोंडवाड्याचा गौरव करावा, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. गरीब शेतकऱ्यास कोंडवाडा हा आपत्तीसारखाच वाटे. सरकारी जंगलाच्या हद्दी आवळल्या गेल्या, पूर्वी मोकळी असलेली चराऊ राने बंद झाली, आणि जनावराने सवयीने पाऊल टाकले की दंड, अशी अवस्था झाली. जोतीराव फुले ह्यांनी शेतकऱ्यांच्या दैन्याची जी कारणे १८८३ साली मांडली, त्यांत जंगल खात्याने चराऊ राने बळकावल्याची तक्रार आहे. दंड भरण्यास पैसे नाहीत म्हणून गाय लिलावात गेली, असे प्रसंग ज्या घरावर आले, त्या घरास दवंडीची सुबक मांडणी सांगण्यात काय अर्थ? तेव्हा कोंडवाड्याचा हेतू घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. निर्दय संस्थेनेसुद्धा जी गोष्ट अचूक केली, ती दयाळू संस्थेने का करू नये, एवढेच आम्ही विचारतो.

तिसरे उत्तर राजाच्या पत्रात आहे, आणि हा राजा ह्याच मुलखातला. ज्या राजगडाचे नाव आता तालुक्यास मिळाले, तेथे शिवाजी महाराजांची राजधानी दीर्घकाळ होती. राजधानी रायगडास गेल्यानंतर, १६७३ साली, चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस महाराजांनी पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यातील रयतेविषयीचा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. आम्ही वाचकांचे लक्ष त्यातील जनावरांविषयीच्या भागाकडे वेधू इच्छितो. पावसाळा तोंडावर आहे. आज दाणावैरण आहे म्हणून हवी तशी उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजाविले आहे. पुढे आगीची भीती सांगितली आहे. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच ठेविला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, आणि गवताची गंजी पेटली की सारे हातचे जाईल.

राज्याच्या धन्याने उंदराने ओढून नेलेल्या वातीपर्यंत विचार करावा, ह्यात त्या पत्राची थोरवी आहे. जनावरांवर प्रेम करा, असे सांगणारे वाक्य त्यात नाही. काय करावे, काय करू नये, आणि न केल्यास कोणते जनावर कसे मरेल, हे मात्र असे सांगितले आहे, की साध्या शिपायासही समजावे. ज्याच्या हाती जनावर आहे त्याला नेमकी सूचना देणे, हेही भूतदयेचेच एक रूप आहे. आम्हांस तर ते तिचे सर्वांत कसदार रूप वाटते.

अशी ही तीन उत्तरे. वही दात्याशी बोलते, दवंडी धन्याशी बोलते, पत्र राखणाऱ्याशी बोलते. आम्ही ही सारी हकीकत भाच्यास सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, इतिहास छान आहे, पण १८७१ ची दवंडी आज काय कामाची? आता कायदे निराळे, जनावरे निराळी." हा आक्षेप विचार करण्यासारखा असल्यामुळे त्याचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

कायदे निराळे झाले हे खरे. १८९० चा जुना कायदा जाऊन १९६० साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा नवा कायदा आला, व त्यान्वये १९६२ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. जनावर उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. मात्र ह्या नव्या कायद्यांनी दवंडीतील तीन गोष्टी निरुपयोगी न ठरविता उलट अधिकच आवश्यक केल्या आहेत. मोकाट कुत्र्यांचेच पाहा. २००१ च्या व त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्याची नसबंदी करून, त्यास लस टोचून, तो जेथून आणला त्याच ठिकाणी परत सोडावयाचा असतो. अशा कुत्र्याच्या कानास खुणेची खाच असते. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला, की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून धरलेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात न्यावी. एका नियमाने परत सोडावयाचे, दुसऱ्याने सोडावयाचे नाही. परंतु दोहोंचेही पालन करावयाचे तर कुत्रा नेमका कोठे धरला, ह्याची नोंद हवीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या सूचनेतील ते दुसरे कलम आज पहिल्या महत्त्वाचे झाले आहे. गुरांच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. पूर्वी "शिंग मोडलेले, कपाळी चांद" असे वर्णन करीत, त्याला आज ह्या आकड्याची जोड मिळाली आहे. जनावराचे वर्णन, सापडल्याची जागा व ठेविल्याची जागा, ह्या तीन गोष्टींवाचून निवाऱ्याचे एकही काम धड होत नाही.

मग ह्या तिन्ही उत्तरांचा नव्या संकेतस्थळात कसा उपयोग करावा? आम्ही भाच्यास जे सुचविले ते थोडक्यात असे. पहिले पान दवंडीचे असावे. आज निवाऱ्यात असलेले प्रत्येक जनावर तेथे दिसावे: छायाचित्र, वर्ण, खूण, कानातील बिल्ला असल्यास तो, कोठे व कोणत्या दिवशी सापडले, आणि आता कोठे आहे. जागा सांगताना "पुण्याजवळ" अशी शहरी मोघम भाषा वापरू नये. गावाचे, वाडीचे, फाट्याचे, घाटातल्या वळणाचे नाव द्यावे. फोनचा आकडा सर्वांत वर, अक्षरांत, बोट लावताच लागेल असा असावा. सर्व मजकूर मराठीत असावा. आणि डोंगराच्या आड जेथे संदेशाच्या लहरी क्षीण पोहोचतात, तेथेही पान उघडावे म्हणून मोठाली चित्रे काढून टाकावी. शिवाय दवंडी बाजारात जाई, हे विसरू नये. तोच मजकूर कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर, एस. टी. च्या थांब्यावर व आठवड्याच्या बाजारी लावावा, म्हणजे ज्याच्या हाती चतुर फोन नाही त्यासही आपली म्हैस सापडेल.

दुसरे पान पत्राचे. वाटेत जखमी जनावर दिसले तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे शिपायास समजेल अशा शब्दांत सांगावे. वासराच्या पाठीला मार लागला असेल तर त्यास ओढून उभे करू नये. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी. रानात एकटे दिसलेले बिबट्याचे किंवा हरणाचे पिल्लू उचलून आणू नये. त्याची आई बहुधा जवळच असते, आणि वन्य जनावर जवळ ठेवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा वेळी वनविभागास १९२६ ह्या आकड्यावर कळवावे, आणि आजारी गुरासाठी पशुवैद्यक हवा असल्यास १९६२ लावावा. निवारा काय करू शकत नाही, हेही तेथे स्वच्छ लिहावे. २०२२ साली गुरांत लम्पीची साथ पसरली, बाजार बंद झाले, आणि अफवांना ऊत आला, तेव्हा अशा एका भरवशाच्या पानाची किती आवश्यकता होती, हे गुरे राखणाऱ्या कोणासही विचारावे.

तिसरे पान वहीचे. महिन्याचा जमाखर्च, किती जनावरे आली, किती धन्याकडे गेली, किती नव्या घरी गेली, आणि किती मेली, हे सारे तेथे मांडावे. मेलेल्यांचा आकडा लपवू नये. देणगीची कळ ह्या पानावर, हिशेबाच्या खाली असावी.

येथे भाच्याने खरा वाद घातला. तो म्हणाला, "मामा, निवारा पैशावर चालतो. करुण छायाचित्र काढून टाकले, तर पैसे येणार नाहीत, आणि मग तुमच्या दवंडीत लिहावयास जनावरेच उरणार नाहीत." त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. चाऱ्याचे गाडे, औषधे, राखणदाराचा पगार ही सुभाषितांनी भागत नाहीत. करुणा जागविणारे चित्र पाहून पुष्कळजण प्रथमच हात पुढे करतात, हेही खरे. परंतु आम्ही त्यास दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की चित्राने आलेला दाता एकदा येतो आणि हिशेबाने आलेला दाता दरसाल येतो. पांजरपोळाच्या लाग्याचा अनुभव हाच आहे. दुसरी अशी, की निवाऱ्यातून धन्याकडे परत गेलेल्या प्रत्येक जनावराचा खर्च वाचतो व त्याची जागा मोकळी होते. जो निवारा केवळ आत घेतो आणि बाहेर कोणास कळवीत नाही, तो काही काळाने भरतो. आणि भरलेल्या निवाऱ्यात रोग शिरला, की त्यातील जनावरांची जी दशा होते, तिला दया म्हणता येत नाही.

ह्यावर तो काही बोलला नाही. मात्र जाताना म्हणाला, "एक छायाचित्र ठेवतो. कुत्र्याचेच, पण बरा झाल्यानंतरचे." ही तडजोड आम्ही मान्य केली, कारण आम्हांसही वाटले, की जखम दाखवून मागण्यापेक्षा बरे झालेले दाखवून मागणे अधिक सभ्यपणाचे आहे.

त्यानंतर सुमारे महिन्याने भाच्याने आम्हांस नवे पान दाखविले. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चार ओळी आम्ही शेवटपर्यंत लिहिल्या नाहीत. त्याने आमच्याकडून एका नोंदीचा मासला मात्र लिहून घेतला होता, आणि निवाऱ्याची मंडळी पुढच्या सर्व नोंदी त्याच मासल्याने करणार आहेत, असे तो म्हणाला. तो मासला असा होता: "गाय एक. रंग तांबडा, डावे शिंग मोडलेले, कपाळी पांढरा ठिपका, गळ्यात लाकडी लोढणे, कानात बिल्ला नाही. सोमवारी संध्याकाळी मढे घाटाच्या रस्त्याला, केळदच्या अलीकडे सापडली. पाय दुखावला आहे, चारा खाते. निवाऱ्यात आहे. ज्याची असेल त्याने यावे."